यंत्रांची यादी नको, लॉगबुक दाखवा : एका रसायनशास्त्र विभागात काढलेली दोन वर्षं

आत्याच्या मुलीला यंदा एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश घ्यायचाय. परवा रात्री अकराला तिचा मेसेज आला, "तायडे, तुझ्या डिपार्टमेंटला येऊ का? खरं खरं सांग." खरं खरं सांगायला मेसेजमध्ये जागा पुरणार नाही, म्हणून इथं लिहितेय. विभागाचं नाव घालत नाही. माझं मायग्रेशन सर्टिफिकेट अजून त्यांच्याच ऑफिसात पडून आहे. राज्य विद्यापीठ आहे आणि विभाग जुना आहे, एवढं पुरे.

आमचं गावात कृषी सेवा केंद्र आहे. कोणी पाण्याची मोटर घ्यायला निघालं की बाबा म्हणतात, "कंपनी कुठली ते नंतर बघ, आधी सर्व्हिसवाला कुठल्या गावचा आहे ते विचार." प्रवेश घेताना मी नेमकं हेच विचारलं नाही. विभागाच्या माहितीपत्रकात एनएमआर, एफटीआयआर, यूव्ही-व्हिजिबल, गॅस क्रोमॅटोग्राफ, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन अशी यंत्रांची ओळच्या ओळ छापली होती. तालुक्याच्या कॉलेजात आम्ही थीलच्या नळीत लिक्विड पॅराफिन तापवून मेल्टिंग पॉइंट काढलेली मुलं. ती यादी वाचूनच मी हरखले.

पहिल्या वर्षात त्यातलं एकच यंत्र पाहिलं, तेही चौघींच्या खांद्यावरून.

पहिल्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. शिकवणं चांगलं आहे. फिजिकलचे सर क्वांटम फळ्यावर असं उलगडतात की वहीत उतरवायचं भान राहत नाही. रिसर्च मेथडॉलॉजी नावाचा चार क्रेडिटचा पेपर आहे, तो मात्र सगळीकडे असतो तसाच आहे, स्लाइडवरून वाचलेला. ब्रेकेजचे पैसे कापतात, पण रीतसर पावती देतात. आणि लॅबमधले मामा, म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, देवमाणूस आहेत. कुठल्या बाटलीवरचं लेबल खोटं आहे हे विभागात फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

खरी तक्रार नोटीस बोर्डाची आहे. हसू नका. आमचा नोटीस बोर्ड काचेच्या दारामागं आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे दोन वर्षांत मला कळलं नाही. आत पिवळी पडलेली सर्क्युलरं एकमेकांवर टाचलेली. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनाची फेलोशिप देतात. निवड झाली की दोन महिने एखाद्या चांगल्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, जायचा-यायचा खर्च आणि वर भत्ता मिळतो. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला अर्ज करता येतो. अर्ज निघतात दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे नेमकं आपण गावाकडे फराळ करत असतो तेव्हा. आमच्या बोर्डावर ते सर्क्युलर लागलं जानेवारीत. मुदत तोवर संपली होती. माझ्या बॅचमधली बीडची एक मुलगी गेली, कारण तिच्या हॉस्टेलच्या रूममधली ताई रिसर्च स्कॉलर होती आणि तिनं ऑक्टोबरातच तिला हाताला धरून अर्ज भरायला बसवलं होतं. ती हैदराबादच्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत दोन महिने राहून आली. उकाड्यानं बारीक झाली, पण परत आली तेव्हा बोलणंच बदललं होतं. आधी सेमिनारला हात वर न करणारी मुलगी आता सरांना विचारत होती, "कंट्रोल रन केला होता का सर?"

तेव्हा चिमणे, पहिली गोष्ट. बोर्डावर काही येईल म्हणून वाट बघू नकोस. आल्या आल्या एक स्कॉलर ताई किंवा दादा गाठ. चहा पाजावा लागला तर पाज.

आता ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. विभाग एक पत्र देतो, कंपनी आपली आपण शोधायची. बाबांच्या दुकानाला शेतीची औषधं पुरवणाऱ्या एका एजंटाच्या ओळखीनं मला कोकणातल्या एका एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत जागा मिळाली. पहिले नऊ दिवस मी झेरॉक्स काढल्या आणि फायलींना पंच मारले. दहाव्या दिवशी क्यूसीतल्या, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागातल्या, एका मॅडमला दया आली. त्यांनी कार्ल फिशरवर बसवलं. नमुन्यात पाणी किती आहे ते आयोडीनच्या हिशोबानं मोजणारं टायट्रेशन. पुस्तकात एक परिच्छेद असतो. तिथं दिवसाला वीस-वीस नमुने.

पण तिथं मी जे शिकले ते टायट्रेशन नव्हतं. एकदा वजन लिहिताना चुकले आणि सवयीनं व्हाइटनरची बाटली काढली. मॅडमनी हातच धरला. म्हणाल्या, चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. आणि प्रत्येक यंत्राशेजारी दोरीनं बांधलेली वही. कोणी, कधी, कुठला नमुना, किती वाजता चालू, किती वाजता बंद, काही बिघाड. ऑडिटवाले आले की यंत्राकडे बघत नाहीत, आधी ही वही मागतात. "वहीत नाही ते झालंच नाही," असं मॅडम म्हणायच्या.

जुलैत विभागात परतले ते हेच खूळ डोक्यात घेऊन. आमच्याकडेही प्रत्येक यंत्राला लॉगबुक आहे, फक्त विद्यार्थी ते सही करण्यापुरतं उघडतात. मामांना विचारलं, "मामा, सगळी लॉगबुकं बघू का?" ते म्हणाले, "बघ की. खाऊन टाकणार आहेस का काय?"

तासाभरात जे कळलं ते माहितीपत्रक वर्षभर वाचूनही कळलं नसतं.

गॅस क्रोमॅटोग्राफची शेवटची नोंद मी बारावीत असतानाची. यंत्रावर निळ्या फुलाफुलांच्या रेक्झिनचं कव्हर, बहुधा कोणाच्या तरी घरच्या शिलाई मशीनवर शिवलेलं. बिघडलं नव्हतं म्हणे, वायूचं सिलिंडर संपलं आणि पुन्हा आलंच नाही. एनएमआरची, म्हणजे चुंबकाच्या जोरावर रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राची, वही चालू होती, पण नोंदी सहा-सात नावांच्याच, सगळे पीएच.डी.वाले. मधेच दोन-दोन महिने कोरे. एनएमआरचा चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, वरून नायट्रोजन तर वरचेवर भरावा लागतो. हा खर्च एका विभागाच्या आवाक्यातला नसतो, त्यामुळे मी त्यांना फार दोष देत नाही. पण मग यादीत पहिल्या नंबरावर ते यंत्र कशाला छापता? ऑरगॅनिकवाल्या माझ्या मैत्रिणी आपले नमुने छोट्या कुप्यांत भरून चंदीगडला नाहीतर आयआयटी मुंबईला पाठवायच्या. तिथल्या साइफ केंद्रांत बाहेरच्यांचे नमुने पैसे घेऊन मोजून देतात. स्पेक्ट्रम ई-मेलवर येतो. कुरिअर गेल्यापासून ई-मेल येईपर्यंत मुली देवाला नवस बोलायच्या तेवढ्याच बाकी.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशानं पदार्थ ओळखणारं यंत्र, मात्र जोरात. रोजच्या दहा-बारा नोंदी, त्यात एम.एस्सी.च्या मुलांची नावं भरपूर. केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची; नमुना त्यात मिसळून वडी दाबतात) पेलेट दाबायला मामा स्वतः शिकवतात, आणि पेलेट धुरकट आली की "पावसाळा आहे, पोरी, केबीआर ओव्हनमध्ये ठेवला होतास का" हे विचारतात. हे यंत्र तुला हातानं चालवायला मिळेल. पाचपैकी पाच तारे.

आणि यूव्ही-व्हिजिबल, कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश नमुना किती शोषतो ते मोजणारं यंत्र. वही भरून वाहत होती, पण वेव्हलेंग्थच्या रकान्यात पानामागून पान एकच आकडा : ५१०, ५१०, ५१०. म्हणजे दर बॅचचं तेच प्रॅक्टिकल, फेनँथ्रोलिन घालून लोह मोजायचं. नारिंगी रंग, ५१० नॅनोमीटर, सरळ रेघ, जर्नल सर्टिफाइड. यूव्ही नावाच्या यंत्रावर यूव्हीत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात, कोणी काम केल्याची नोंद मला दीड वर्षात सापडली नाही.

इथंच माझा प्रोजेक्ट ठरला.

आमच्याकडे दुसऱ्या वर्षी शाखा मिळते. मेरिटमधली पहिली पोरं ऑरगॅनिक घेतात, कारण फार्मा कंपन्या ऑरगॅनिक मागतात. उरलेल्यांत ॲनालिटिकल, फिजिकल, इनऑरगॅनिक वाटलं जातं. मला ॲनालिटिकल मिळालं तेव्हा घरी तोंड पाडून सांगितलं होतं. आता सांगते, ऑरगॅनिक नाही मिळालं तर रडू नकोस. एका फ्यूम हूडला (घातक वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाला) आठ जण रांगेत असतात आणि मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचा कॉलम लावायला रात्री थांबावं लागतं.

मला गावातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते मोजायचं होतं. दुकानातून युरियाच्या किती गोण्या जातात ते लहानपणापासून बघतेय. युरियात ४६ टक्के नत्र. पिकाला लागतं तेवढं पीक घेतं, राहिलेल्याचं जमिनीत नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यावरचं पाणी तान्ह्या बाळांना घातक, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. मोजायची रीत सोपी आहे : नायट्रेट २२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं, म्हणजे यूव्हीत. पाण्यातला सेंद्रिय पदार्थही २२० ला शोषतो, पण तो २७५ लाही शोषतो आणि नायट्रेट तिथं शोषत नाही. म्हणून २७५ च्या आकड्याची दुप्पट २२० मधून वजा करायची.

गाईड मॅडमना विषय सांगितला. त्यांचं स्वतःचं काम नॅनोकणांवर. दुसऱ्या कोणी "आपल्या ग्रुपच्या विषयावरच कर" म्हणून परत पाठवलं असतं, तसं शेजारच्या लॅबमध्ये झालेलं मी पाहिलंय. मॅडम दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मला यातलं फार येत नाही. आपण दोघी शिकू." या एका वाक्यासाठी मी विभागाला दोन तारे जास्त देते.

पहिल्या दिवशी रीडिंग घ्यायला बसले तर आकडा छपराला. डिस्टिल्ड वॉटर ठेवलं तरी तेच. तीन दिवस मी पाण्याला, मिठाला, स्वतःला दोष देत होते. चौथ्या दिवशी स्कॉलर ताई आली, क्युव्हेट, म्हणजे नमुना भरून यंत्रात ठेवायची छोटी चौकोनी नळी, उजेडात धरली आणि म्हणाली, "अगं, ही काचेची आहे." साधी काच यूव्ही आपणच गिळून टाकते, २२० ला काम करायचं तर क्वार्ट्झचीच क्युव्हेट लागते. पुस्तकात हे वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. ५१० ला काच चालते, म्हणून इतक्या बॅचेस गेल्या तरी कोणाचं काही अडलं नव्हतं.

क्वार्ट्झच्या क्युव्हेटची जोडी विभागात होती, एका सरांच्या कपाटात, कुलपात. सर रजेवर. ते आले तेव्हा म्हणाले, "एम.एस्सी.च्या मुलांना देत नाही, फोडतात." मॅडमनी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. पुढचे चार महिने ती जोडी मी अंगठीसारखी सांभाळली, टिश्यूनं सुद्धा एकाच दिशेनं पुसायचे. यंत्राचा ड्युटेरियम दिवा मात्र शाबूत निघाला. तोच यूव्ही देतो. वापरच नव्हता, झिजणार कसा!

आमच्या मळ्यातली विहीर ४५ च्या वर निघाली. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच. बाबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोणीपण ४५ किलोचीच असती आता." त्यानंतर प्यायचं पाणी आम्ही नळाचं आणतो. विहिरीचं गुरांना आणि शेताला. दुकानात युरिया विकायचा बंद झालाय असं मात्र समजू नका. धंदा आहे.

ते काम घेऊन आविष्कारला गेले. राज्यपालांच्या पुढाकारानं २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांसाठी ही संशोधन स्पर्धा भरते, आधी विद्यापीठात आणि मग राज्य पातळीवर. विभागानं पोस्टर छापायचे पैसे दिले, ही नोंद करायला हवी. परीक्षकांनी विचारलं, "दुप्पटच का वजा करता? दीडपट का नाही?" मला आलं नाही. तो अनुभवानं ठरवलेला आकडा आहे हे नंतर वाचलं. सगळ्या पाण्यांना तो सारखा लागू पडत नाही, म्हणून मुळात ही रीत चाळणीपुरतीच मानतात. पुढच्या फेरीत नाव नव्हतं. पण त्या प्रश्नानं मला जे शिकवलं ते रिसर्च मेथडॉलॉजीच्या चार क्रेडिटांनी शिकवलं नव्हतं.

आता पुढचं, पैशाचं. पीएच.डी. करायची असेल तर सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, काढणं हा राजमार्ग. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं वेगळं. पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापतात. राज्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, पण तिच्यातून प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. हा घोळ दर वर्षी कोणीतरी घालतंच. विद्यापीठात पहिली आलीस तर इन्स्पायर फेलोशिपला अर्ज करता येतो. जातीच्या दाखल्यानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, आमच्या विभागातले कितीतरी स्कॉलर त्यांच्यावरच टिकून आहेत. फेलोशिप वेळेवर जमा होते का, हे त्यांना विचारू नकोस. चहा थंड होईल इतकं ऐकावं लागेल.

नेटच्या तयारीसाठी विभागाचे अधिकृत वर्ग म्हणजे वेळापत्रकात एक चौकट आहे, तेवढीच. पण स्कॉलर लोकांनी चालवलेला एक गट आहे, रोज संध्याकाळी सहा ते आठ, गच्चीच्या जिन्यात बसतो. जिन्यात, कारण तिथं दिवा आहे आणि कोणी हाकलत नाही. माझं स्पेक्ट्रोस्कोपी तिथं पक्कं झालं. मला जेआरएफ लागलं नाही. मी सध्या एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, आणि मुलाखतीत त्यांनी गुणपत्रिकेपेक्षा क्युव्हेटची गोष्टच जास्त वेळ ऐकली.

एक गोष्ट टाळ. दुसऱ्या वर्षी कोणीतरी येऊन सांगेल की पैसे भरून आठवड्यात पेपर छापून मिळतो, बायोडाटाला उपयोग होतो. आमच्या बॅचमधल्या चौघांनी छापला. मुलाखतीत त्यातल्या एकाला त्याच पेपरातला आलेख समजावून सांगायला लावला, पुढचं तो सांगत नाही. पीएच.डी.चा प्रबंध सादर करायच्या आधी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीसुद्धा २०२२ च्या नियमांत गेली, मग एम.एस्सी.ला कसली घाई?

तारे द्यायचेच तर शिकवण्याला चार, यंत्रांना अडीच, ऑफिसला एक, मामांना आणि माझ्या गाईड मॅडमना मोजू नकोस.

प्रवेश घ्यायच्या आधी एकदा येऊन बघ. सोमवारी नको, ऑफिसात गर्दी असते. अकराच्या पुढं ये, डबा आण, कँटीनमध्ये दोननंतर फक्त वडा उरतो. तळमजल्यावर डावीकडं शेवटची खोली, मामा तिथंच असतात. माझं नाव सांग आणि यूव्हीचं लॉगबुक मागून घे. मार्चपासून पुढची पानं बघ. २२० कोणी लिहिलंय का तेवढं मला कळव.